आत्याचा उजवा हात

आमच्या आत्याची नक्कल करायची म्हणजे आधी पाठीत काठी घातल्यासारखं ताठ बसायचं, हनुवटी दोन बोटं वर घ्यायची आणि कुणी काहीही विचारलं तरी एक श्वास सोडून मग उत्तर द्यायचं. आई विचारते, "ताई, चहा?" आत्या आधी घड्याळाकडे बघते, मग पातेल्याकडे, मग आईकडे, आणि म्हणते, "अर्धा." तेवीस वर्षं विमानं उडवली की माणूस चहाचीसुद्धा पूर्वतपासणी करतो. ही नक्कल मी केली की आई हसून हसून ओट्याला टेकते. आत्या हसत नाही. एक श्वास थांबते आणि म्हणते, "हनुवटी जास्त वर आहे, टेप." टेप म्हणजे मी. कानात शिरलेला आवाज दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडातून बाहेर पडतो म्हणून.

आत्या बाबांची मोठी बहीण. वय एक्कावन्न, विमान कंपनीत कॅप्टन, राहायला आमच्याच डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर, जेवायला खाली. ती ड्यूटीवरून आली की जिन्यात तिच्या चाकाच्या बॅगेचा आवाज येतो: ठक, ठक, ठक, मग सातव्या पायरीवर थांबणं, मग पुन्हा ठक. त्या थांबण्यावरून मी सांगू शकते की ती किती दमली आहे.

आणि बाबा गाडी शिकवतात. ड्रायव्हिंग स्कूल आहे त्यांचं, दोन छोट्या गाड्या, दोन्हींत शिकवणाऱ्याच्या पायाखाली जादा ब्रेक. बाबांचा आवाज काढणं अगदीच सोपं. "क्लच. क्लच सोड हळूच. अगं हळू, गाडी माझी आहे." त्यांच्या दोन सवयी सगळ्या गावाला माहीत आहेत. एक म्हणजे विद्यार्थी जरा तयार झाला की ते खिशातला रुमाल काढून वेगाच्या काट्यावर टाकतात आणि विचारतात, सांग आता किती स्पीड आहे, इंजिन ऐकून सांग. दुसरी म्हणजे विद्यार्थी खरोखरच तयार झाला की ते ब्रेकवरचा पाय उचलून मांडीवर मांडी घालतात. परीक्षेतलं पास-नापास नंतरचं. बाबांची मांडी पडली की शिकणाऱ्याच्या घरी पेढे... निदान फोन तरी जातो.

आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांवर बाबांचा भारी राग. तसल्या गाडीला ते पाळणा म्हणतात. साहजिकच बहिणीचं विमान त्यांच्या तावडीत आयतंच सापडलं होतं. दर रविवारी जेवताना ठरलेलं असायचं. बाबा भात कालवत म्हणायचे की ताई, तू विमान चालवत नाहीस, विमान तुला फिरवून आणतं. आत्या म्हणायची, धाकट्या, तू चोवीस वर्षं पहिल्या गिअरमध्ये आहेस, तुझ्याशी काय बोलायचं. मग दोघंही मनापासून जेवायची.

तर त्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आत्या घरी आली आणि बॅगेचा आवाजच आला नाही. तिने ती हातात उचलून, पायऱ्यांवर न आपटता वर नेली होती. मला कळलं ते केवळ तिच्या दाराची कडी वाजली म्हणून. दुपारी जेवायला खाली आली ती गणवेश बदलून. रजा घेतली आहे म्हणाली, गुरुवारपर्यंत. गुरुवार म्हणजे त्याच आठवड्यातला नव्हे, पुढचा. दहा दिवस. आत्याने दहा दिवस रजा पूर्वी फक्त एकदा घेतली होती, अपेंडिक्स काढलं तेव्हा.

बाबांना धीर कुठला. रविवार नव्हता तरी त्यांनी सुरुवात केली. आज विमान तुझ्याशिवायच गेलं वाटतं, गेलं असेल, त्याला काय, चालवतं तेच, तू नुसती सोबतीला.

आत्याने एक श्वास घेतला. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली.

बाबांचा घास हातातच राहिला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बहिणीने त्यांना 'बरोबर आहे' म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि आता ते त्यांना नको होतं. आईने हळूच डाळीचं भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, ताई, काय झालं. मग आत्याने सांगितलं, ताटाकडे बघत, एका सुरात, जणू हवामानाचा अहवाल वाचतेय.

दर सहा महिन्यांनी वैमानिकांची परीक्षा असते, सिम्युलेटरमध्ये. सिम्युलेटर म्हणजे एका मोठ्या शेडमध्ये सहा जाड पायांवर उभी असलेली पांढरी खोली. बाहेरून पाण्याची टाकी वाटते, आत मात्र विमानाचं नाक जसंच्या तसं. पाठीमागे परीक्षक बसतो आणि बटणं दाबून एकेक संकट सोडतो. आत्याला इंजिनाची आग विझवता आली, फाटलेल्या टायरवर थांबता आलं, धुक्यात संगणकाकडून उतरवून घेता आलं. आणि मग परीक्षकाने सगळ्यांत साधी गोष्ट मागितली. स्वच्छ हवा, सरळ धावपट्टी, दोन्ही इंजिनं ठणठणीत. फक्त सगळी मदत बंद करा आणि हाताने उतरवून दाखवा.

मदत म्हणजे तीन गोष्टी, आत्याने मला नंतर समजावलं. एक ऑटोपायलट, तो विमान वळवतो, चढवतो, उतरवतो. दुसरी मदत म्हणजे पडद्यावरच्या दोन हिरव्या रेघा. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे विमानाचं नाक ठेवायचं, बाकी विचार करायला नको. आणि तिसरं यंत्र इंजिनाचा जोर कमीजास्त करून वेग सांभाळतं. आत्याच्या विमानात जोराचे दोन दांडे असतात, कॅप्टनच्या उजव्या हाताशी. पण यंत्र काम करत असतं तेव्हा हे दांडे हलत नाहीत. हात त्यांच्यावर ठेवायचा, नियम आहे, पण काम आतल्या आत चालू असतं. चार तासांच्या उड्डाणात विमान आत्याच्या डाव्या हातात असतं जेमतेम चार-पाच मिनिटं. उजव्या हाताला तर बहुतेक दिवशी चाकं टेकताना दांडे मागे ओढण्यापलीकडे काहीच नसतं.

तर आत्याने सगळं बंद केलं आणि डाव्या हाताने विमान धावपट्टीच्या असं सरळ रेषेत धरलं की परीक्षकाने मान डोलावली. आणि उजवा हात दांड्यांवर नुसता पडून राहिला. वेग एकशे सदतीस हवा होता. एकशे एकतीस झाला, एकशे सव्वीस झाला. शेजारचा सहवैमानिक म्हणाला, "स्पीड, मॅडम." आत्याने दचकून जोर दिला तो इतका की विमान वरच गेलं. परीक्षकाने पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच.

"तो हात यंत्राची वाट बघत होता," आत्या म्हणाली. "मी डोक्याने यंत्र बंद केलं होतं. हाताला कुणी सांगितलंच नाही."

पुढच्या गुरुवारी फेरपरीक्षा, तोच परीक्षक. जमलं तर पुन्हा ड्यूटी. नाही जमलं तर डावी खुर्ची गेली. मग उजव्या खुर्चीत बसून सहवैमानिक म्हणून पुन्हा प्रशिक्षण, आणि एक्कावन्नाव्या वर्षी तिथून परत डावीकडे यायला कोण किती वर्षं देणार. बाबांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

आत्याकडे जुना कागदी कॉकपिट होता. म्हणजे विमानातल्या सगळ्या पडद्यांचं आणि बटणांचं खऱ्या मापाचं छापील चित्र. नव्या विमानाचं शिकताना सगळेच वैमानिक घरी असलं चित्र भिंतीला लावून बोटं फिरवतात. तिने ते आमच्या बैठकीच्या खोलीतल्या कपाटाच्या दारांवर चिकटवलं, कारण वर तिच्याकडे एवढी मोठी सपाट जागा नव्हती. समोर जेवणाची खुर्ची. डाव्या हाताला पेल्यात उभा केलेला टीव्हीचा रिमोट, उजव्या हाताला बुटांचं खोकं आणि त्यात भोकं पाडून खोचलेले दोन लाकडी चमचे. दोन दिवस ती तिथे बसून पुटपुटत होती. आईला कपाटातली चादर हवी असली तर ती आत्याचं विमान उतरेपर्यंत उभी राहायची.

बाबा या सगळ्याकडे बघतच नव्हते. गाडीच्या चाव्या घ्यायला आत यायचे आणि भिंतीला लागून निघून जायचे, आपणच काहीतरी फोडलंय असा चेहरा करून.

बुधवारी दुपारी मी स्वयंपाकघरात आईला करून दाखवत होते. आत्या कशी बसते, कशी पुटपुटते, ते शेवटच्या पन्नास फुटांत विमान स्वतः मोठ्याने आकडे म्हणतं ते, फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, आणि ते यंत्र इंजिन सांभाळत असतानाचा आवाज. यंत्राचं इंजिन मला फार छान येतं. आम्ही दोनदा आत्याच्या विमानातून गेलोय आणि उतरताना पूर्ण वेळ मी तेच ऐकत होते. यंत्र क्षणभर गप्प बसत नाही. उं, ऊं, उं, ऊंऊं, उं, पाळण्यातलं बाळ दुपटं काढून टाकतं आणि कुणीतरी पुन्हा घालतं, तसं. मी कणकेच्या डब्यावर उजवा हात ठेवून उं-ऊं करत होते आणि आई हसायची थांबली म्हणून वळून पाहिलं, तर दारात आत्या.

मला वाटलं आता हनुवटीवरून ऐकावं लागणार. ती हनुवटीकडे बघतच नव्हती.

"तो हात असा का ठेवलायस?"

"तू ठेवतेस तसाच."

"असा?"

मी पुन्हा दाखवला. मनगट खाली टेकलेलं, बोटं सैल, तळहात डब्यावर नुसता टाकलेला, झोपलेल्या मांजरावर टाकावा तसा. माझी चूक नव्हती. नक्कल करताना मी काहीच विचार करत नाही, दिसतं ते अंगात येतं. आत्या बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली आणि मग स्वतःच्या हाताकडे, जणू तो कुणाचातरी विसरून राहिलेला.

मागून बाबांचा आवाज आला. ते कधी आले होते कोण जाणे. "हा हात मी रोज बघतो," ते म्हणाले. पाळण्यावर शिकून आलेली सगळी पोरं गिअरवर असाच हात टाकून बसतात, म्हणाले. मग खिशातून रुमाल काढला.

इथे मला एक गोष्ट कळली जी आमच्या घरात कुणी कधी बोललंच नव्हतं. बाबांचा रुमाल बाबांचा नव्हता. आत्या एकोणीस वर्षांची असताना शहराबाहेरच्या फ्लाइंग क्लबमध्ये दोन सीटांच्या जुन्या विमानावर शिकायची. तिथला शिक्षक, सगळे त्याला दाढी म्हणायचे, वेगाच्या काट्यावर पुठ्ठा लावायचा आणि म्हणायचा की आता ऐक, वाऱ्याचा आवाज बदलला की वेग बदलला, विमान वळवायची काठी हातात मऊ लागायला लागली की तू पडणार आहेस. आत्या सायकलवरून घरी येऊन हे सगळं धाकट्या भावाला सांगायची. तो आठवीत होता. त्याने ऐकलं, ठेवून दिलं, आणि पुढे स्वतःची शाळा काढली तेव्हा पुठ्ठ्याच्या जागी रुमाल आला. चोवीस वर्षांत त्या रुमालाखालून हजारभर माणसं गाडी शिकून गेली. आणि जिने तो दिला ती मात्र विसरली.

"तुला आठवतंय हे?" आत्याने विचारलं.

"माझं पोट भरतंय त्यावर," बाबा म्हणाले.

मग सात दिवस आमच्या बैठकीच्या खोलीत जे चाललं ते शेजाऱ्यांना आम्ही अजून नीट समजावू शकलेलो नाही. मी इंजिन झाले. आत्याच्या मागे उभी राहून मी इंजिनाचा आवाज धरायचा आणि मनाला येईल तेव्हा तो कणभर खाली सोडायचा. आवाज पडला की आत्याच्या उजव्या हाताने चमचे पुढे ढकलायचे, मग मी आवाज चढवायचा. खऱ्या विमानात आकडा समोर असतोच, तो बघायचाच असतो, पण बाबांचं म्हणणं की डोळ्यांना चार कामं असतात, हाताने स्वतःचं काम डोळ्यांची वाट न बघता सुरू केलं पाहिजे. कागदावरच्या वेगाच्या पट्टीवर त्यांनी रुमाल टाचला. आणि खोक्याच्या पुढच्या बाजूला आपल्या गाडीवरची लाल 'एल'ची पाटी चिकटवली. आत्याने ती पाहिली, एक श्वास सोडला आणि चमच्यांवर हात ठेवला.

बाबा तिच्या उजव्या हाताशी स्टूल टाकून बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी तिला तेच ऐकवलं जे ते सगळ्यांना ऐकवतात. "हात जिवंत ठेव. अगं हळू, विमान माझं आहे." तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाली की धाकट्या, तू माझ्या कानाजवळ श्वास घेऊ नकोस, सहवैमानिक असं करत नाहीत. पाचव्या दिवशी मी मुद्दाम बोलता बोलता, मध्येच आईला 'आमटीत मीठ कमी आहे' असं सांगता सांगता आवाज सोडला. आत्या आईशीच बोलत होती, तिची मान वळलेली होती, आणि उजवा हात आपला आपण बोटभर पुढे गेला. तिचं तिलाच कळलं नाही. बाबांना कळलं. ते उठून पाणी प्यायला गेले.

एका संध्याकाळी बाबा भरात येऊन म्हणाले की ही यंत्रं काढूनच टाकली पाहिजेत विमानांतून. आत्याने त्यांना तिथल्या तिथे थांबवलं. यंत्र दमत नाही, ती म्हणाली. पाचवं उड्डाण, समोर धुकं, पाठीमागे एकशे ऐंशी माणसं, अशा वेळी ते तिच्यापेक्षा चांगलं उतरवतं आणि ती त्याला उतरवू देते. त्याने तिच्याकडून काही हिसकावून घेतलेलं नाही. तिने रोज थोडंथोडं त्याच्या हातात दिलं, कारण ते नीट करत होतं, कारण कंपनीलाही तेच बरं वाटत होतं, आणि परत मागायचं राहून गेलं. तिला काळजी वेगळीच होती. तिच्या शेजारी बसणाऱ्या पंचविशीतल्या सहवैमानिकांना दाढीसारखा कुणी भेटलेलाच नव्हता. तिला निदान आठवायला काहीतरी होतं.

गुरुवारी ती गेली तेव्हा बॅग जिन्यात वाजली. ठक, ठक, ठक. सातव्या पायरीवर थांबली नाही.

दुपारी परत आली तेव्हा आम्ही तिघंही काही ना काही काम असल्यासारखे जिन्याजवळच होतो. आई तर स्वच्छ कठडा पुसत होती. आत्या आमच्याकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "झालं." मग चहा मागितला, पूर्ण कप.

परीक्षकाचा आवाज तिने मला काढून दाखवला, तिला काही फारसा जमत नाही, पण मी तो लगेच दुरुस्त करून घेतला. तो प्रत्येक शब्द घडी घालून ठेवल्यासारखा बोलतो. सगळं बंद करायला लावलं, आत्याने बंद केलं. शेवटपर्यंत वेग एकशे पस्तीस आणि एकशे चाळीसच्या मधे. चाकं टेकल्यावर परीक्षक पाठीमागून म्हणाला, "या दहा दिवसांत कुठे सराव केलात?" आत्या म्हणाली, घरी. तो म्हणाला, "घरी सिम्युलेटर आहे?" आत्या म्हणाली, भाची आहे. त्याने ते लिहून घेतलं नाही.

बाबा उठले, कपाटाजवळ गेले आणि बुटांचं खोकं तिच्यासमोर धरलं. त्यांच्या शाळेत पास झालेल्याने 'एल'ची पाटी स्वतःच्या हाताने काढायची असते. आत्याने कोपऱ्यात नख घातलं आणि थांबली.

"राहू दे," ती म्हणाली. "सहा महिन्यांनी परत आहे."

तेव्हापासून कपाटावरचा कॉकपिट तसाच आहे, आणि चादरी आता आईने दुसरीकडे हलवल्यात.

पुढच्या महिन्यात आम्ही तिघं आत्याच्या विमानातून गेलो. परतताना सकाळची वेळ होती, आकाश इतकं मोकळं की खालचे रस्ते मोजता येत होते. विमान उतरायला लागलं आणि मी सवयीने कान लावले. उं, ऊं, उं, ऊंऊं. बाबा शेजारी बसून सुरक्षेचं माहितीपत्रक तिसऱ्यांदा वाचत होते. धावपट्टी अजून बरीच लांब होती, आणि ती कुरकुर एकदम थांबली. इंजिनाचा आवाज एका जागी बसला. बराच वेळ तिथेच राहिला. मग अगदी थोडा वर गेला, बोटभर, आणि पुन्हा बसला. हा आवाज मी सात दिवस स्वतःच्या घशातून काढला होता, मला ओळखायला वेळ लागला नाही.

"बाबा," मी म्हटलं, "आत्याने हातात घेतलं."

बाबांनी माहितीपत्रक खाली ठेवलं. त्यांचा पाय समोरच्या सीटखाली जादा ब्रेक शोधायला लागला. मिळाला नाही तरी दाबून धरला. आईने डोळे मिटले होते. उजवीकडचा वारा असावा, पंख किंचित कलला आणि परत आला. इंजिन तसंच, एका सुरात. बाबा खिडकीतून बघत होते, मग बघायचे थांबले आणि नुसते ऐकायला लागले. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की ते रुमालाखालचा आकडा सांगायचा प्रयत्न करतायत.

मग त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला. त्या सीटमध्ये गुडघा वळवायला जागा नव्हती, समोरच्या माणसाच्या पाठीला धक्का लागला, तो वैतागून मागे वळला, तरी बाबांनी हाताने पाय ओढून घेतला आणि मांडीवर मांडी घातली. चाकं टेकली तेव्हा ते तसेच अडकलेले होते.

उतरताना दारापाशी आत्या उभी होती, टोपी घालून, एकेकाला निरोप देत. बाबा समोर आले, काहीतरी मोठं बोलायच्या तयारीने घसा खाकरला.

"क्लच चांगला सोडलास, ताई."

"विमानाला क्लच नसतो, धाकट्या."

"तरी," बाबा म्हणाले, आणि लंगडत पायऱ्या उतरायला लागले, कारण पायाला मुंग्या आल्या होत्या.